सेसना १५२: दोन आसनांच्या विमानात नेमकं काय शिकवतात?

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक छोटं विमान शेतात कोसळलं. बारामतीहून सरावासाठी उडालेलं ते शिकाऊ विमान होतं. आत एकटी शिकाऊ वैमानिक होती. तिला दुखापत झाली, पण ती वाचली. अनेक बातम्यांत त्याचा उल्लेख ‘एक आसनी विमान’ असा झाला. प्रत्यक्षात ते सेसना १५२ होतं आणि त्याला आसनं दोन असतात. शेजारचं, शिक्षकाचं आसन त्या दिवशी ठरवूनच रिकामं होतं.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरातच चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. अशी बातमी आली की घराघरांत तेच प्रश्न निघतात. एवढ्याशा जुन्या विमानात पोरांना एकटं का पाठवतात? पुढे जी विमानं उडवायची ती संगणकावर चालतात, मग हा खटाटोप कशासाठी? मुलीला किंवा मुलाला वैमानिक करायला निघालेले आईवडील तर हे फार काळजीनं विचारतात. या प्रश्नांची उत्तरं त्या विमानाच्या घडणीतच सापडतात, म्हणून आधी विमान पाहू.

हे विमान आहे तरी कसं

सेसना १५२ अमेरिकेत १९७७ ते १९८५ या काळात बनलं. साडेसात हजारांहून जास्त नग तयार झाले. त्याआधीचं भावंड सेसना १५० तर जवळपास २४ हजार बनलं होतं. जगभरातल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्यांनी पहिलं उड्डाण या दोघांपैकी एकात केलं आहे. आपल्याकडेही अनेक फ्लाइंग क्लबांत १५२ आजही उडते.

लांबी सव्वासात मीटर, पंखांचा पसारा दहा मीटर. चार सिलिंडरचं, ११० अश्वशक्तीचं, वाऱ्यानंच थंड होणारं इंजिन. सरळ उड्डाणात वेग ताशी १९०-२०० किलोमीटर. पंख डोक्याच्या वर आहेत आणि इंधनाच्या टाक्या पंखांत, त्यामुळे पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली इंजिनात येतं. त्यासाठी पंप लागत नाही.

आतली जागा जेमतेम मीटरभर रुंद. शिक्षक आणि विद्यार्थी खांद्याला खांदा लावून बसतात. दोघांपुढे स्वतंत्र स्टिअरिंग, दोघांच्या पायांशी स्वतंत्र पेडल, आणि ही जोडी आतून तारांनी एकमेकांना बांधलेली. विद्यार्थ्यानं घाबरून स्टिअरिंग ओढलं तर तोच ओढा शिक्षकाच्या तळहाताला त्याच क्षणी कळतो. वाऱ्याचा जोरही या तारांवाटे थेट हातात येतो. वेग कमी झाला की स्टिअरिंग सैल लागतं, वाढला की घट्ट होतं. काट्यांकडे न पाहता विमानाची तब्येत ओळखण्याची सवय इथून लागते.

वजनाचा हिशेब मात्र कडक आहे. उडताना एकूण वजन ७५७ किलोच्या वर जाता कामा नये. त्यातले पाचशेच्या आसपास किलो रिकाम्या विमानाचे. टाक्या भरल्या की आणखी सत्तर गेले. उरलेल्यात दोन माणसं आणि दप्तर बसवायचं. दोघंही अंगानं भरलेले असतील तर टाकी पूर्ण भरता येत नाही. म्हणजे विमानात पाय ठेवण्याआधीच विद्यार्थी कागद-पेन्सिल घेऊन वजन, इंधन आणि अंतर यांचा मेळ घालायला शिकतो. हेच गणित पुढे पावणेदोनशे प्रवाशांच्या विमानासाठी करायचं असतं.

विमान हवेत का राहतं, आणि कधी राहत नाही

पतंग बदवणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला हे ठाऊक असतं. कन्नी बांधताना दोरा जरा लांब-आखूड झाला की पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो. कोन नेमका असेल तर पतंग सरसर चढतो. तो वाऱ्यापुढे फार उभा राहिला तर वारा कितीही असो, पतंग फडफडतो, मागे रेटला जातो, वर मात्र जात नाही.

विमानाच्या पंखाचंही तसंच आहे. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा थोडा कोन असतो. नाक उचललं की कोन वाढतो आणि उचलही वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे पंखावरून जाणारी हवा पंखाच्या वळणाला चिकटून राहू शकत नाही. ती सुटते, भोवरे होतात आणि उचल ढासळते. या अवस्थेला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी याचा काही संबंध नाही. इंजिन पूर्ण ताकदीनं चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं.

उपाय एका वाक्याचा आहे: नाक खाली करा, कोन कमी करा, हवा पुन्हा पंखाला धरेल. पण विमान खाली जाऊ लागलं की माणसाचा हात आपोआप स्टिअरिंग स्वतःकडे ओढतो, नाक आणखी वर करतो. कोन आणखी वाढतो आणि स्टॉल आणखी गहिरा होतो. जमिनीच्या दिशेनं पडत असताना नाक जमिनीकडेच वळवायचं, हे शरीराला पटत नाही. पुस्तकात वाचून तर मुळीच पटत नाही. माझ्या मते दोन आसनी विमानाचं सगळ्यात मोठं काम हेच आहे: शरीराची ही ओढ मोडून काढणं, आणि तेही चूक करायला पुरेशी उंची असताना.

मग शिकवतात काय

शिक्षक विद्यार्थ्याला मोकळ्या आकाशात काही हजार फुटांवर नेतो, इंजिनची ताकद कमी करायला लावतो आणि नाक हळूहळू वर धरायला सांगतो. वेग उतरत जातो. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी फट असते. कोन धोक्याजवळ आला की त्या फटीतून हवा उलटी ओढली जाते आणि आतली पत्ती वाजते. वीज नको, बॅटरी नको. केविलवाणा, चढत जाणारा आवाज कानाशी येतो. मग विमान थरथरतं आणि नाक आपोआप खाली कलतं. त्या वेळी काट्यावर ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर वेग असतो. विद्यार्थी हात सैल सोडतो, ताकद देतो, आणि दीडशे-दोनशे फूट गमावून विमान पुन्हा उडू लागतं. पुन्हा तेच, वळणात तेच, फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या पट्ट्या खाली सोडून तेच.

१५२ मुद्दाम अशी बांधली आहे की ती चूक करण्याआधी बजावते आणि चूक सुधारली की लगेच माफ करते. तिला गिरकी घ्यायचीही परवानगी आहे. एक पंख आधी स्टॉल झाला की विमान गोल फिरत खाली येतं, त्याला स्पिन म्हणतात. अनेक विमानांत हे जाणूनबुजून करायला सक्त मनाई असते. १५२ मध्ये शिक्षक ते करून, त्यातून बाहेर काढून दाखवू शकतो.

यानंतर सर्किट. धावपट्टीभोवती हजार फुटांवरून आयताकृती फेरी मारायची, उतरायचं, चाकं टेकताच पुन्हा ताकद देऊन उडायचं. एका तासात अशी आठ-दहा उतरणं होतात. चांगलं उतरणं म्हणजे जमिनीपासून हातभर उंचीवर जवळजवळ स्टॉलच असतो. ती पत्ती वाजत असतानाच चाकं टेकावीत, असं शिक्षक सांगतात. जी गोष्ट वर घाबरवत होती तीच खाली कामाला येते.

हवामानही इथेच अंगात मुरतं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला ती जवळपास पाच हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. म्हणजे महाबळेश्वरहून उंच. पंखाला कमी हवा, प्रोपेलरला कमी हवा, इंजिनलाही कमी हवा. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. ११० अश्वशक्तीच्या विमानात हा फरक डोळ्यांना दिसतो. मोठ्या जेटमध्ये ताकद इतकी असते की नव्या माणसाला तो जाणवणारही नाही, पण हिशेबात तो तिथेही धरावाच लागतो.

आणि मग एके दिवशी शिक्षक धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला सांगतो, पट्टा सोडतो, उतरतो आणि म्हणतो, ‘एक सर्किट मारून ये.’ हा पहिला सोलो. सत्तर-ऐंशी किलो कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा झटकन उचललं जातं. अनेकांच्या ते लक्षात राहतं, कारण शेजारी कोणी नाही हे मनाआधी विमानच सांगतं. ते आसन रिकामं ठेवणं हा शिक्षणाचा गाभा आहे. जोवर वाचवणारा हात शेजारी आहे तोवर निर्णय पूर्णपणे आपला नसतो. म्हणूनच व्यावसायिक परवान्यासाठी आपल्या डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, किमान २०० तास उड्डाण मागितलं आहे आणि त्यातले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर केलेले हवेत. त्यात रात्रीचं उड्डाण आहे, आणि ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरत केलेला प्रवासही आहे.

एअरबस तर संगणक उडवतो, मग हे कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. एअरबस ए-३२० मध्ये नेहमीच्या परिस्थितीत संगणक स्टॉलपर्यंत जाऊच देत नाही. प्रश्न संगणक बाजूला होतो तेव्हाचा आहे.

१ जून २००९. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ए-३३० अटलांटिकवर होतं. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं तुंबल्या, वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले, ऑटोपायलट सुटला. विमान ठीक होतं, इंजिनं चालू होती. वैमानिकानं नाक वर ओढलं आणि ओढतच राहिला. ३८ हजार फुटांवर विमान स्टॉल झालं. धोक्याची सूचना वारंवार वाजत होती. साडेतीन मिनिटांत ते समुद्रात पडलं आणि २२८ जण गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ एक प्रवासी विमान उतरताना स्टॉलकडे गेलं. यंत्रणेनं नाक खाली ढकललं, वैमानिकानं ते मागे ओढलं. तिथे पन्नास जण गेले. दोन वेगळी विमानं, दोन वेगळे देश, हाताची चूक एकच.

कोणी म्हणेल, हे वैमानिकही छोट्या विमानांवरच शिकले असणार, मग उपयोग काय झाला? खरं आहे. कौशल्य एकदा मिळालं की कायम राहतं असं नाही. हजारो तास ऑटोपायलटवर गेले की हाताची सवय पुसट होते. या अपघातांनंतर जगभरातल्या नियामकांनी तोच निष्कर्ष काढला आणि विमान हाताबाहेर जाण्याच्या स्थितीचं वेगळं प्रशिक्षण आणलं. युरोपात मोठी प्रवासी विमानं उडवू पाहणाऱ्या वैमानिकाला आता त्यासाठी किमान तीन तास खऱ्या विमानात, शिक्षकासोबत, उडावं लागतं. सिम्युलेटर, म्हणजे विमानाची जमिनीवरची नक्कल, सोडून लोकांना पुन्हा छोट्या विमानात बसवलं गेलं, ही माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे.

सिम्युलेटर कमी दर्जाचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एका इंजिनला आग लागली, पुढे काय करायचं, हे तिथेच शिकावं. आज ए-३२० चं प्रशिक्षण बहुतांश तिथेच होतं आणि ते उत्तम होतं. पण पोटात गोळा येणं, आसनाखालून विमान निसटल्यासारखं वाटणं, आणि चुकलो तर खरंच लागेल ही जाणीव, या गोष्टी जमिनीवरच्या खोलीत पुरत्या येत नाहीत. स्टॉलमध्ये हात मागे ओढणारी भीती खरी असते, त्यामुळे तिच्यावरचा सरावही खराच लागतो.

चाळीस वर्षं जुनं विमान म्हणजे धोका नाही का?

सगळ्यात तरुण १५२ आज चाळिशीची आहे, हे खरं. पण विमानाचं वय कॅलेंडरवर मोजत नाहीत, उड्डाणाच्या तासांवर आणि तपासण्यांवर मोजतात. ठरावीक तासांनी तेल, प्लग, नळ्या, तारा उघडून पाहतात. इंजिन ठरलेल्या तासांनंतर पूर्ण खोलून नव्यानं बांधतात. जुन्या सांगाड्यांतला गंज आणि धातूचा थकवा शोधण्यासाठी उत्पादकानं वेगळ्या तपासण्या सांगितल्या आहेत. हे सगळं प्रामाणिकपणे झालं तर विमान जुनं असूनही निरोगी राहतं. नाही झालं, तर नवंही धोक्याचं.

रचनाही मदतीला आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, ठिणगी देणारी यंत्रणाही दुहेरी आणि बॅटरीवर अवलंबून नसलेली. सगळी वीज गेली तरी इंजिन चालतं. इंजिनच गेलं तर विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत येतं: हजार फूट उंचीमागे साधारण पावणेतीन किलोमीटर. तेवढ्यात वारा कुठून आहे ते पाहून शेत निवडायचं असतं. वेग कमी असल्यानं टेकतानाचा आघातही कमी. ए-३२० ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास उतरतं, हे नव्वदच्या. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे वेग पावणेतीनपट तर किलोमागे ऊर्जा सातपटीहून जास्त. शेतात उतरलेल्या शिकाऊ विमानांतून माणसं चालत बाहेर येतात त्यामागे हे गणित आहे.

एक धोका मात्र आपल्या हवेत विसरून चालत नाही. या इंजिनला कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, आहे. त्यात इंधनाची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून हवा जाताना तापमान झपकन उतरतं. बाहेर पंचवीस अंश असले तरी दमट हवेत आत बर्फ साचून इंजिन गुदमरू शकतं. त्यासाठी गरम हवा आत सोडणारी एक खुंटी असते, आणि ती वेळेवर ओढणं हा शिस्तीचा भाग आहे. पावसाळ्यात उडणाऱ्यानं तर हे गिरवूनच ठेवावं.

मग नवीन १५२ का बनत नाही? ऐंशीच्या दशकात अमेरिकेत अपघातांनंतर उत्पादकांवर भरल्या जाणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांनी छोट्या विमानांचा धंदा जवळपास बसवला. १९९४ मध्ये कायदा बदलून १८ वर्षांहून जुन्या विमानांबाबत उत्पादकाला संरक्षण मिळालं, आणि सेसनानं चार आसनी विमानं पुन्हा सुरू केली. १५२ परतली नाही. आज नव्या संस्था सेसना १७२, डायमंड, पायपर अशी चार आसनी विमानं घेतात. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियानं आखलेल्या अकादमीसाठीही मुख्यतः पायपरची आणि काही डायमंडची निवड झाली. त्यांत काट्यांऐवजी संगणकासारखे पडदे असतात, जे पुढच्या नोकरीच्या जवळचं आहे.

शिकवण्यापलीकडे

१५२ ची ‘एरोबॅट’ नावाची बहीण कोलांट्या मारण्यासाठी मजबूत केलेली आहे. परदेशांत ही छोटी विमानं फलक ओढतात, तेलवाहिन्यांवर नजर ठेवतात. आपल्या एनसीसीच्या हवाई शाखेत विद्यार्थी पिपिस्ट्रेल व्हायरस या दोन आसनी विमानात पहिल्यांदा आकाश पाहतात. युद्धानं तर वेगळंच काम दिलं: २०२४ मध्ये युक्रेननं याक-५२ या जुन्या दोन आसनी शिकाऊ विमानात मागे बंदूकधारी बसवून ड्रोन पाडले. संथ ड्रोनच्या वेगानं उडता येणं हीच तिथे खुबी ठरली.

आपलं विमान कुठे आहे?

हवा पृष्ठभागापासून का सुटते, म्हणजे स्टॉलच्या मुळाशी काय आहे, हे १९०४ मध्ये लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञानं उलगडलं. त्यांच्याच हाताखाली गटिंगन विद्यापीठात डॉक्टरेट केलेले कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले आणि त्यांनी एचटी-२ आखलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं. स्वतंत्र भारतानं स्वतः आखलेलं पहिलं विमान दोन आसनी शिकाऊ विमान होतं! त्यावर हवाई दलाच्या वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या, घानाच्या हवाई दलालाही ते दिलं गेलं. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक आलं. नंतर फ्लाइंग क्लबांपुरती ही परंपरा तुटली आणि आपण परदेशी विमानांवर विसंबलो. घाटग्यांचं नाव आपल्या शाळांत फारसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

बंगळूरच्याच राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेचं हंसा हे विमान ही कडी पुन्हा जोडू पाहतं. दोन आसनं शेजारी-शेजारी, पंख खाली, सांगाडा काचतंतूंसारख्या संमिश्र पदार्थाचा. हंसा-३ ला २००० मध्ये प्रमाणपत्र मिळालं, सुधारित हंसा-एनजी सप्टेंबर २०२१ मध्ये उडालं आणि २०२५ मध्ये त्याचं तंत्रज्ञान उत्पादनासाठी खासगी उद्योगाकडे गेलं. त्याच्या रोटॅक्स जातीच्या इंजिनांना शिसंविरहित पेट्रोल चालतं. १५२ ला मात्र शिसं असलेलं अ‍ॅव्हगॅस लागतं, तासाला वीस-पंचवीस लिटर. हे इंधन आपण पूर्वी पूर्णपणे आयात करत होतो. २०२२ मध्ये इंडियन ऑइलनं ते वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली.

प्रवेश घेणाऱ्यांसाठी

परवान्याचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. डीजीसीए आता प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देते आणि ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या यादीत एकाही संस्थेला वरची ‘ए’ श्रेणी मिळाली नाही. त्यामुळे माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. संस्थेत जाऊन विचारा: किती विमानं आज उडण्यायोग्य आहेत आणि किती सुटे भाग येण्याची वाट पाहत उभी आहेत? एका विमानामागे विद्यार्थी किती, शिक्षक किती, देखभाल करणारे परवानाधारक अभियंते किती? गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले? स्टॉलचा सराव एकदाच उरकतात की दर काही तासांनी पुन्हा घेतात? शक्य असेल तर हँगरमध्ये उभ्या विमानाची तपासणी-वही दाखवायला सांगा, आणि सकाळच्या सत्रात तासभर कुंपणाशी उभं राहून किती विमानं खरोखर उडतात ते मोजा.